केतकीने पाठवलेलं मशीन

बरकतपुरा, हैदराबाद

प्रिय केतकी,

माझ्या हातचं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. सकाळी दोन इडल्या खाल्ल्या, पेपरातल्या बातम्या मला मोठ्याने वाचून दाखवल्या आणि आता खिडकीशी बसून खालच्या भाजीवाल्याशी भेंडीच्या भावावरून तेलुगूत वाद घालते आहे. घरात भेंडी आहे हे तिला सांगून उपयोग नाही. आमचा अमेय ऑफिसच्या कामाने टोरंटोला निघालाय, त्याच्याबरोबर हे देते. तो तिथून तुझ्या कॅल्गरीच्या पत्त्यावर टाकेल. पाकीट चिकटवलेलं नाही, पण काळजी करू नकोस. त्याला मराठीचं एक पान वाचायला अर्धा दिवस लागतो, तो काही वाचायचा नाही.

तू दर फोनला विचारतेस, ‘ताई, मशीन कसं चाललंय?’ मी ‘मस्त’ म्हणते आणि फोन आईच्या हातात देते. आज नीट सांगते. मशीन मस्तच चाललंय. तेच तर माझं दुखणं आहे.

तुला सगळं तुटक तुटक कळलेलं आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. खुब्याचं ऑपरेशन होऊन आई घरी आली, वॉकर धरून उभीही राहायला लागली, पण खोलीतून बाहेर पाऊल टाकेना. ज्या ग्रॅनाइटवरून ती घसरली होती, ते चकचकीत ग्रॅनाइट तिला पाणी सांडल्यासारखं दिसायचं. ‘इंदू, ओलं आहे इथे,’ म्हणायची. मी खाली वाकून तळहाताने पुसून दाखवायची, बघ, कोरडं आहे. ‘तुला काय कळतंय,’ म्हणायची आणि परत पलंगावर बसायची. व्यायाम करून घ्यायला यायच्या त्या बाई म्हणाल्या, सतरंज्या-पायपुसणी अजिबात नकोत, पाय अडकतो. घालायचा तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घट्ट बसवलेला गालिचा घाला. मग मी कोठीच्या बाजारात जाऊन नमुन्याचे तुकडे घेऊन आले. गडद तुकडा जमिनीवर ठेवला तर आईला तिथे खड्डा आहे असं वाटलं. म्हणून शेवटी फिकट, मातकट रंगाचा निवडला. तिच्या खोलीत, बाहेरच्या बोळात, न्हाणीघराच्या दारापर्यंत सगळीकडे तो बसवला आणि त्या संध्याकाळी ती वॉकर घेऊन दिवाणखान्यापर्यंत चालत आली. मी आणि तुझे भावजी टाळ्या वाजवत होतो.

तेवढ्यात तुझा व्हिडिओ कॉल आला. तू म्हणालीस, ‘अय्या, आई, आमच्या घरी अगदी असाच आहे!’ झालं. दुसऱ्या दिवसापासून घरात जो येईल त्याला आई सांगायला लागली, ‘केतकीकडे आहे ना, तसाच घातलाय.’ समोरच्या फ्लॅटमधले हिम्मतराव काका आले, त्यांनाही हेच. ते म्हणाले, ‘वा, केतकीची निवड छान आहे.’ मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. चहा त्यांच्यासमोर जरा जोरात ठेवला गेला.

तुला हसू येईल. अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोक्यावरचे निम्मे केस पांढरे, आणि धाकट्या बहिणीवर जळते. पण जळते, केतकी. आजची गोष्ट नाही ही. मी झाले तेव्हा नावाचा विचारसुद्धा कुणी केला नाही, आजी इंदुमती तर नात इंदुमती. तुझ्या वेळी आई महिनोन्‌महिने नाव शोधत होती, शाळेतल्या बाईंना विचारत होती, हे तिने मला किती वेळा कौतुकाने सांगितलंय. मी सासरी गेले ती काचीगुड्याहून बरकतपुऱ्याला, रिक्षाने दहा रुपयांच्या अंतरावर. तू सात समुद्र ओलांडलेस. त्यामुळे मी माहेरी यायची ती नुसती ‘आली’ असायची, आणि तू येणार असलीस की घर रंगवून घ्यायचे.

असो. मशीनचं सांगत होते. फिकट गालिचा म्हणजे डाग दिसणारच. चहा सांडायचा, वरण सांडायचं. आणि मग ते दुसरंही सुरू झालं. तुला फोनवर कधी बोलले नाही, कारण फोन स्पीकरवर असतो आणि आई शेजारी बसलेली असते. तिला न्हाणीघरापर्यंत पोचायला वेळ पुरत नाही. कधी कधी आपल्याला जायचं होतं हेच तिच्या उशिरा लक्षात येतं. म्हाताऱ्या माणसांना घालायच्या त्या ओल शोषणाऱ्या चड्ड्या आणून बघितल्या, तिने त्या खिडकीतून खाली टाकल्या. चिकटवलेला गालिचा उचलून गच्चीत नेता येत नाही. आमच्या कामवाल्या यादम्माने साबण आणि ब्रशने घासून बघितलं, तर तो दोन-दोन दिवस वाळेना आणि खोलीत वास कोंडायचा. आई नाकाला पदर लावून म्हणायची, ‘इंदू, घरात मांजर शिरलंय का?’

मग आम्ही मशीन बघायला निघालो. यादम्माला आईजवळ बसवायचं आणि रविवारी बाहेर पडायचं. कोठीला जे मिळालं ते नुसतं धूळ ओढणारं, ओल्याला उपयोग नाही. सिकंदराबादच्या दुकानात वाफेचं मशीन दाखवलं. त्या माणसाने तोंडभरून स्तुती केली, पण वाफ सोडल्यावर ते पाणी परत ओढून घ्यायची त्यात सोयच नव्हती, म्हणजे गालिचा पुन्हा ओलाच. शेवटी कुकटपल्लीला एका मोठ्या शोरूममध्ये हवं ते सापडलं. एका टाकीतून साबणाचं पाणी फवारतं, ब्रश घासतो आणि घाण पाणी लगेच दुसऱ्या टाकीत ओढलं जातं. त्यात मोठं आणि लहान असे दोन प्रकार होते. मोठं उभं, ढकलायचं. लहान हातात उचलून न्यायचं, त्याला नळी आणि पंजाएवढा ब्रश. तिथल्या विक्रेत्याने गालिच्याच्या तुकड्यावर थंड पेय ओतलं आणि दोन्ही मशीनं चालवून दाखवली. मग मला विचारलं, घरी कोण चालवणार? मी म्हटलं, मीच. म्हणाला, ‘तो फिर अम्मा, छोटा लेके जाओ. बडे में ताकत बहोत है, पर पानी भरे तो उठाना आपकूच है. कमर जाती.’ केतकी, मला तिथे शोरूममध्ये भरून आलं. इतक्या महिन्यांत माझ्या कमरेची चौकशी करणारा तो पहिला माणूस होता. तुझे भावजी म्हणाले, दुरुस्तीची सोय कुठे आहे ते बघू आणि पुढच्या रविवारी घेऊन टाकू.

मध्ये तुझा फोन आला. मी आपली उत्साहाने सांगायला गेले. तू म्हणालीस, ‘थांब ताई, लहान घेऊ नकोस, आमच्याकडे चार वर्षं मोठं वापरतोय, मला माहितीये.’ आणि रविवार उजाडायच्या आत दारात खोकं. मोठं मशीन.

त्या दिवशी आईला बघायला हवं होतंस तू. खोक्यावरचा पत्ता मेडचलच्या कुठल्याशा गोदामाचा होता, म्हणजे इथून तासाभराचा रस्ता. पण आईने सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, कॅनडाहून आलं. वॉचमनला वर बोलावून खोकं उघडायला लावलं. मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडायला निघाली होती, तो गालिच्यावर नको म्हणून कसाबसा थांबवला. ठेवणीतली चंदेरी नेसून खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, ‘हं, चालव आता.’

कॉटच्या पायाशी वरणाचा एक जुना डाग होता, यादम्माच्या हाताला दाद न दिलेला. मी मनात म्हटलं, हा निघू नये. खरंच म्हटलं. मशीनने दोन फेऱ्यांत तो असा काढला की कुठे होता ते सापडेना. मागच्या टाकीत चहासारखं पाणी जमलं. आईने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. ‘बघितलंस? केतकीने पाठवलेलं मशीन!’ मी टाकी ओतायला न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिले.

त्यानंतर मी काय केलं असेल? दुसऱ्या रविवारी एकटीच कुकटपल्लीला गेले आणि ते लहान मशीन घेऊन आले. घरात सांगितलं, एक दुरुस्तीला गेलं तर दुसरं हवं. तुझे भावजी चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, ‘गालिचा एकच आहे ना अजून?’ आईने विचारलं, ‘हे कुणी पाठवलं?’ मी म्हटलं, ‘मी आणलं, आई.’

‘अस्सं,’ म्हणाली, आणि टीव्हीकडे वळली.

त्या ‘अस्सं’वर मी पुढचे दोन महिने काढले. रोजचं लहानसहान मी माझ्या मशीनने पुसायची, आणि ती खुर्चीतून सांगायची, ‘केतकीचं वापर गं, त्याने स्वच्छ निघतं.’ तुझा फोन आला की पंधरा मिनिटं तुझ्या मशीनचं कौतुक. मी आत भाकरी थापत असायची आणि भाकरी फाटायची. एकदा यादम्मासुद्धा म्हणाली, ‘अम्मा, पेद्दम्मा धाकट्या अम्माचंच किती बोलतात!’ तिला पेद्दम्माच्या, म्हणजे आपल्या आईच्या, बोलण्याची गंमत वाटत होती. मी तिला विनाकारण रागावले, भांडी नीट घासत जा म्हणून.

आता गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. त्यासाठीच ही सगळी प्रस्तावना.

दुपारची वेळ होती. तुझे भावजी बँकेत गेले होते. आई खुर्चीतून उठून निघाली आणि न्हाणीघराच्या दाराशी पोचेपर्यंत सगळा बोळ ओला झाला. एवढ्याला माझं लहान मशीन पुरणारं नव्हतं. मी आईला धुऊन, कपडे बदलून पुन्हा खुर्चीत बसवलं. माझीही साडी भिजली होती. तू मागच्या खेपेला इथे ठेवून गेलेली विजार आणि चौकड्यांचा शर्ट हाताला लागला, तोच अंगात चढवला. उन्हाळ्यात मी केस तुझ्यासारखेच आखूड कापून घेतले तेही तुला माहीत आहे, विंचरायला वेळ होत नाही म्हणून. तुझं मशीन बाहेर काढलं, पाणी भरलं, आणि पाठ मोडेस्तोवर सगळा बोळ काढला. बंद केलं तेव्हा कान बधिर झाले होते. मागून आवाज आला, ‘केतकी, कधी आलीस गं?’

मी वळले. मला वाटलं, चेहरा बघून लक्षात येईल. तिने नीट बघितलं, चष्मा होता डोळ्यांवर. म्हणाली, ‘वाळलीस. आणि आल्या आल्या हे काय करत बसलीस? ये, बस इथे.’ अधूनमधून तिचं असं होतं, पण मला कधी ती विसरली नव्हती. मी ‘अगं आई, मी इंदू’ म्हणायला तोंड उघडलं. पण तिचा चेहरा एवढा फुलला होता की माझ्याने म्हणवेना. आणि खोटं कशाला बोलू, मला एकदा बघायचं होतं, तुझ्याशी ती कशी बोलते. मी तिच्या पायाशी बसले.

तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘इंदू पडलीये का आत? पडू दे. तिला उठवू नकोस. फार करते गं ती. मला हे असं होतं ना, ओलं होतं, ते ती कुणाला दिसायच्या आत पुसून टाकते. मला कळू नये म्हणून लगेच ते घरघर सुरू करते. पण मला कळतं सगळं. मी कळल्याचं दाखवत नाही, एवढंच. दाखवलं तर तिच्यासमोर रोज बसायचं कसं मी?’ मग माझ्या शर्टाची बाही चोळत म्हणाली, ‘तिला काही चांगलं म्हणायला जाते तर तोंड उघडत नाही माझं. काय म्हणू? छान पुसलंस, असं म्हणू? चाळीस वर्षं शाळेत शिकवलं मी. पोरीला असं कसं म्हणायचं? म्हणून मग तुझंच बोलत बसते. तुझं बोलायला सोपं आहे.’

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कानामागून मानेपर्यंत. केतकी, असा हात तिने माझ्या डोक्यावरून कधी फिरवला ते मला आठवत नाही. तुझ्या डोक्यावरून फिरवत होती ती. मला मिळाला तो तुझा होता, आणि त्या क्षणीही मी तुझ्यावर जळतच होते. मनात आलं, म्हणजे फोनवर, मी खोलीत नसताना, हे सगळं ती तुला सांगत असते का? आणि सांगत असेल, तर तू मला एकदाही का नाही बोललीस? का तुलाही वाटलं, ताईचं कौतुक ऐकून घेतलं तेवढं पुरे, पुढे पोचवायला नको? खरं काय ते मला लिही. मी रागवणार नाही. किंवा रागवेनही, पण लिही.

मग ती म्हणाली, ‘आलीच आहेस तर या वेळी घाईने पळू नकोस. महिनाभर राहा. मुकुंदरावांना रिटायर होऊन किती दिवस झाले, ते आणि इंदू कुठे गेले नाहीत माझ्यापायी. त्यांना कुठेतरी जाऊ दे. माझं तू बघ. बघशील ना?’ आणि हात पुढे केला, लहानपणी आपल्याकडून वचन घ्यायची तसा. मी त्या हातावर हात ठेवला. म्हटलं, ‘राहीन, आई.’ तिने डोळे मिटले आणि खुर्चीतच गाढ झोपली. घाण पाण्याची टाकी तशीच भरलेली होती. मी बसूनच राहिले तिच्याजवळ.

मला वाटलं होतं, झोपेतून उठल्यावर विसरेल. पण कसलं विसरते. उठली, मला इंदू म्हणून हाक मारली, चहा मागितला आणि विचारलं, ‘केतकी कुठेय?’ मी म्हटलं, बाहेर गेलीये. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून रोज विचारते. अमेयच्या रिकाम्या खोलीतली गादी तिने यादम्माकडून उन्हात टाकून घेतली. लिफ्टचं दार वाजलं की मान वळवते. रडत नाही, चिडत नाही. ‘येईल, महिनाभर राहते म्हणालीये,’ असं मलाच समजावते. डॉक्टर म्हणाले की हे असंच वाढत जाणार. आज ज्या गोष्टी तिच्या लक्षात आहेत, त्या सहा महिन्यांनी असतील असं नाही.

तर केतकी, हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं, की मी तुझ्या नावाने आईला शब्द दिलाय. तुला न विचारता दिला, आणि फोनवर हे सांगायला गेले असते तर आईने ऐकलं असतं किंवा आपण दोघी भांडलो असतो. तुझी नोकरी आहे, पोरांच्या परीक्षा आहेत, तिकिटं महाग आहेत, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी ये. महिनाभरासाठी ये. आम्हाला कुठे पाठवायला नको, मी आणि तुझे भावजी इथेच सिकंदराबादला त्यांच्या बहिणीकडे चार दिवस जाऊन झोपून येऊ. तू दारात उभी राहशील, आईचा चेहरा उजळेल, तेव्हा मी तुला सामोरी न येता आत निघून गेले तर माझ्या मागे येऊ नकोस, थोड्या वेळाने माझी मीच येईन. दोन्ही मशीनं कशी चालवायची ते यादम्मा दाखवेल. आणि एखाद्या दुपारी तू खाली वाकून गालिचा पुसत असशील आणि मागून आईने तुला ‘इंदू’ म्हणून हाक मारली, तर तिला दुरुस्त करू नकोस. ‘ओ’ दे, आणि जवळ जाऊन बस. ती तुझ्याबद्दल काय काय बोलते ते मी इतकी वर्षं एकटीने ऐकलंय. एकदा तूही ऐक.

वाट बघत असलेली, तुझीच
इंदूताई